परांचीखालचा रस्ता

गेल्या महिन्यात मेसला जाताना शेजारच्या बांधकामावरून अर्धी वीट माझ्यापासून दोन हातांवर पडली. परांचीला हिरवी जाळी होती, पण फाटकी! रूमवर येऊन गणित मांडलं. २० मीटरवरून पडलेली वीट जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर असतो. रूम पार्टनर म्हणाला, "अरे, मेसला हेल्मेट घालून जा!" हसलो, पण प्रश्न राहिलाच. परांची गवंड्यासाठी, मग खालून जाणाऱ्यासाठी काय?

शोधताना न्यूयॉर्कचे नियम वाचनात आले. मे १९७९ मध्ये तिथल्या बर्नार्ड कॉलेजची विद्यार्थिनी ग्रेस गोल्ड फुटपाथवरून चालली असताना इमारतीचा निखळलेला तुकडा डोक्यात पडून गेली. आपल्याच वयाची पोरगी! त्यानंतर १९८० चा 'लोकल लॉ १०' आला आणि १९९८ च्या 'लोकल लॉ ११'ने तो कडक केला. सहा मजल्यांहून उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंती दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासायच्या. भिंत असुरक्षित ठरली, तर इमारत विभागाचा परवाना घेऊन फुटपाथवर भक्कम छत उभारायचं. याला तिथे 'साइडवॉक शेड' म्हणतात. उंच इमारतींसाठी या छताचा प्रमाण भार बरीच वर्षं चौरस फुटाला ३०० पौंड धरला गेला. आयएस ८७५ प्रमाणे राहत्या खोलीला आपण चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतो, त्याच्या हा सातपट!

पण छत म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीपेक्षा छताचं भाडं स्वस्त, म्हणून काही मालकांनी छतं दहा-दहा वर्षं तशीच ठेवली. म्हणून २०२५ च्या कायद्याने भिंत-दुरुस्तीच्या शेडच्या परवान्याची मुदत एका वर्षावरून तीन महिन्यांवर आणली.

उलट उदाहरणही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ एरिका टिशमन या वास्तुविशारद अशाच पडलेल्या तुकड्याने गेल्या. त्या इमारतीला एप्रिलमध्येच नोटीस मिळाली होती. कागद होता, छत नव्हतं.

असो. रेक्टर सरांना सांगून आम्ही मेसला तूर्त मागच्या गेटने जातो. पण उद्या आपणच साइटवर असू. परांचीच्या ड्रॉइंगवर सही करण्याआधी एवढंच विचारूया : खालून कोण जातं, आणि त्याच्या डोक्यावर काय आहे?