गोष्ट संपली की पुस्तक हातात

वाचनालयाचा बालविभाग आता तुझ्याकडे आला. दाखल नोंदवही कशी ठेवायची, वर्गणीच्या पावत्या कशा फाडायच्या, हे तू शिकून आली आहेस. मी सांगते ते अभ्यासक्रमात नसतं. आपण मुलांना गोष्टी सांगतो त्या त्यांच्या हातात पुस्तक पडावं म्हणून. गोष्ट ऐकून मूल रिकाम्या हातानं घरी गेलं, तर काम अर्धंच झालं असं समज.

वार ठरव आणि पाळ

शनिवारी बऱ्याच शाळा सकाळच्या असतात, म्हणून शनिवार संध्याकाळ चांगली. एकदा वार ठरला की पाऊस असो वा गावची जत्रा, मोडायचा नाही. दोनच मुलं आली तर दोघांना सांग, तेवढ्याच रंगून सांग. तीच दोघं पुढच्या वेळी भावंडांना ओढून आणतात. वार चुकत गेला तर मुलं गोष्ट विसरत नाहीत, वाचनालयाची वाट विसरतात.

वय बघून बैठक घाल

दुसरीपर्यंतच्या मुलांना दहा-बारा मिनिटांची गोष्ट पुरते. त्यांना अर्धगोलात बसव आणि पुस्तक उघडं धर, शेवटच्या मुलालाही चित्र दिसलं पाहिजे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या वयासाठी हाताशी असू देत, त्यांतलं घर आणि घरातली माणसं मुलांना ओळखीची वाटतात. पाचवीच्या पुढच्यांना प्रकरण वाचून दाखव आणि पेच पडला की तिथेच थांब. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अशा वाचनाला फार उपयोगी पडतो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तर रात्रीरात्रींनीच मांडलेली आहे, एका बैठकीला एक रात्र घे.

गोष्ट आदल्या दिवशी मोठ्यानं दोनदा वाच. जीभ अडखळते ते वाक्य सोपं करून घे. सांगताना गावची बोली लपवू नकोस.

तात्पर्य विचारू नकोस

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. तू मुलांसमोर आख्यान ठेव, निरूपण त्यांचं त्यांना करू दे. गिजुभाई बधेका यांनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि त्यातही आनंदालाच पहिलं स्थान दिलं. ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलंस की मुलं शाळेत गेल्यासारखी ताठ बसतात. त्याऐवजी विचार, ‘तू तिथे असतास तर काय केलं असतंस?’ आणि उत्तर चूक की बरोबर हे सांगायच्या फंदात पडू नकोस.

टेबल आधीच मांड

मुलं येण्याआधी पंधरा-वीस पुस्तकं कपाटातून काढून ठेव. हत्तीची गोष्ट असेल तर हत्ती, जंगल, प्राणी यांची पुस्तकं काढ. ती मुलाच्या छातीइतक्या उंचीच्या टेबलावर मांड आणि मुखपृष्ठ वर ठेव, कण्यावरची बारीक अक्षरं लहान मुलांना खुणावत नाहीत. गोष्ट संपताक्षणी देवघेव सुरू कर. त्या वेळी सूचना, सत्कार, फोटो काही नको. गोष्टीची गोडी तोंडात आहे तोवर मूल जाड पुस्तकालाही हात घालतं.

पुस्तकं कमी पडली तर बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी मोफत आहेत, त्या छापून शिवून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं कमी किमतीत मिळतात, त्यांच्या दोन-दोन प्रती घे.

स्वयंसेवकाला काम नेमून दे

‘वाचनालयाला मदत करा’ असं सांगून कोणी येत नाही. ‘दुसऱ्या शनिवारी अर्धा तास, ही एक गोष्ट’ असं सांगितलं की निवृत्त गुरुजी येतात, भाजी विकणाऱ्या मावशी येतात, कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलंही येतात. प्रत्येकाकडून महिन्याला एकच शनिवार माग आणि वेळापत्रक फळ्यावर लाव. त्यांची गोष्ट आधी एकदा ऐकून घे. भाषणाकडे वळणाऱ्याला मायेनं पुन्हा गोष्टीवर आण.

बैठकीला नेहमी दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं. ओळखीतला असला तरी नाव-पत्ता नोंदल्याशिवाय मुलांजवळ कोणी बसायचं नाही. यात भीड धरू नकोस. आठवी-नववीतल्या मुलांना तारखेचा शिक्का, पुस्तकांना कव्हर घालणं अशी कामं दे. ती पुढे स्वतः गोष्ट सांगायला उभी राहतात.

पेटी घेऊन बाहेर जा

ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ मजुरांच्या कोप्या पडल्या की तिथली मुलं आपल्या वाचनालयात येणार नाहीत, आपणच जायचं. पत्र्याची पेटी आणि एक वही पुरे. अनामत मागू नकोस. त्यांच्यातल्याच एखाद्या मोठ्या मुलीकडे वही सोपव. बंजारा घरातलं मूल गोरमाटीत बोलत असेल, तर आधी त्याच्या आईला तिच्या बोलीत गोष्ट सांगायला सांग. आईची गोष्ट सगळ्यांनी ऐकली की मूल मराठी पुस्तकही धिटाईनं उघडतं. काही पुस्तकं परत येणार नाहीत, हे धरूनच पेटी भर.

फाटल्याचा दंड घेऊ नकोस

दंडाच्या भीतीनं आई पुस्तक फळीवर ठेवून देते आणि मूल वाचायचं राहतं. फाटलेली पुस्तकं वेगळ्या खोक्यात जमव आणि महिन्यातून एकदा मुलांनाच डिंक-कागद घेऊन बसव. ज्याने पान चिकटवलं, तो पुढच्याला जपून वापरायला सांगतो.

मंडळासमोर आकडा कोणता ठेवशील?

कार्यकारी मंडळ विचारेल, किती मुलं आली? तू त्यांना किती पुस्तकं घरी गेली ते सांग. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन तुझ्यासाठीच आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणून देवघेव वहीत मुलांचं वेगळं पान ठेव. वर्षभर कोणीच न नेलेली पुस्तकंही शोध, आणि पुढच्या बैठकीत त्यातल्याच एकाची गोष्ट सांग. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पाहुणे येतील, फोटो निघतील. त्या दिवशी तू नव्या मुलांची सभासद नोंदणी कर आणि प्रत्येकाला पुस्तक देऊनच घरी धाड.

येत्या शनिवारची गोष्ट आजच निवड, आणि तिच्यासोबत द्यायची पुस्तकं आजच कपाटातून बाजूला काढ.