तिला आधी नुसतं राहू द्या

आईबाबांनो, वार्षिक परीक्षा संपत आल्या की ओळखीपाळखीतून मला एक प्रश्न हमखास येतो. मुलं कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहेत, पण पिल्लू विकत आणायला मन घेत नाही. त्यापेक्षा कुणी टाकून दिलेलं मोठं कुत्रं घरी आणलं तर? हा विचार मला मनापासून आवडतो. तरी मी चटकन ‘आणा’ म्हणत नाही. आधी आमच्या सायची हकिकत सांगते, मग तुम्हीच ठरवा.

साय आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. लॅब्रॅडोर, दुधावर धरलेल्या सायीच्या रंगाची. आमच्याच भागातल्या एका बंगल्याच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, ती चार वर्षं बांधलेली होती. तिला कुणी मारत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ भाताचं पातेलं पुढे सरकवलं जायचं. त्या घरच्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेलं ते पिल्लू. मुलगा मोठा होत गेला, शिकवण्या लागल्या, खेळायचा वेळ संपला आणि पिल्लू बंगल्यामागे गेलं. त्या माणसांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्या हातून जे झालं ते आपल्यातल्या कितीतरी घरांत होतं. ‘तू त्याला फिरवणार असशील तरच आणू’ असं म्हणून आपण आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून कबुली घेतो आणि निर्धास्त होतो. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं. एवढ्या वर्षांचा शब्द त्या वयाचं लेकरू कसा पाळणार? तेव्हा कुत्रं आईला किंवा बाबांना हवं असेल, पहाटे उठून भर पावसात त्याला बाहेर न्यायची तयारी मोठ्या माणसाची असेल, तरच आणा. मुलं मदत करतील, आणि करायलाच हवी. पण ज्या दिवशी ती करणार नाहीत, त्या दिवशीही कुत्र्याला वेळेवर बाहेर जायला मिळालं पाहिजे.

सायला आणलं त्या संध्याकाळी मी तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं. पट्ट्याच्या जागी केस उरले नव्हते, कातडीत नुसती खाच. कोपरांवर रुपयाएवढे काळे घट्टे, वर्षानुवर्षं फरशीवर अंग टाकून आलेले. नखं इतकी वाढलेली की चालताना पंजा तिरका पडत होता. आमचा हॉल मोकळा, दार बंद, गळ्यात साखळी नाही. तरी ती साखळीच्या मापाचंच रिंगण घेत होती. चार पावलं, वळण, चार पावलं, वळण. माझा थोरला तेरा वर्षांचा. ते बघून तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरा उभा राहिला. नऊ वर्षांच्या धाकटीला मात्र एकच सुचत होतं, तिला घट्ट मिठी मारायची.

मुलांचं हे असंच असतं, आणि असायलाही हवं. त्यांची माया हातांतून बाहेर येते. पण कुत्र्याच्या बाजूने जरा बघा. डोक्यावर वरून येणारा हात, तोंडाजवळ आलेलं तोंड, गळ्याभोवती पडलेले हात, रोखून बघणारे डोळे, या सगळ्याची त्याला धास्ती वाटते. त्यातून ते चार वर्षं कुणाच्या स्पर्शाशिवाय राहिलेलं असेल तर विचारायलाच नको. संत नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनीच मुलांना सांगितलेली असते. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. गोष्ट जरूर सांगा. सोबत एवढं जोडा की आपल्याकडे येणारं कुत्रं भेदरलेलं आहे, त्याच्यामागे वाटी घेऊन धावायचं नाही, वाटी ठेवून आपण मागे सरायचं.

आम्ही मुलांना नेम घालून दिला होता. तीन दिवस तिला हात लावायचा नाही, सारख्या हाका मारायच्या नाहीत, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. त्याच खोलीत बसायचं, पण तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, आपलं काहीतरी करत. थोरला इतिहासाचा धडा मोठ्याने वाचत बसायचा. धाकटी चित्रं काढायची आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघून ‘आता?’ असं नजरेनेच विचारायची. पाचव्या दिवशी साय उठली, थोरल्याच्या मोज्याचा वास घेतला आणि परत कोपऱ्यात जाऊन पडली. त्या दिवशी घरात जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही.

अशी कुत्री सांभाळणारे एक ढोबळ हिशोब सांगतात: पहिले तीन दिवस भेदरलेपणात जातात, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. हिशोब चांगला आहे, फक्त तो कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. साय गादीवर पहिल्यांदा बसली ती सातव्या आठवड्यात. तोवर गादी अंथरलेली असायची आणि ती शेजारच्या उघड्या फरशीवर. आणि झाडू? आमच्या मावशी केर काढायला झाडू उचलत, की सायची जागच्या जागी लघवी होत असे. बंगल्यात कुणी मारत नव्हतं म्हणतात, मग हे कुठून आलं देव जाणे. पुढचे आठ महिने मावशी आधी दार वाजवायच्या, मी सायला गॅलरीत न्यायची, मग केर निघायचा. मावशींना ‘एवढ्याशा कुत्र्यासाठी’ असं एकदाही वाटलं नाही, हे त्यांचे उपकार.

आता जे सांगते ते जरा मन घट्ट करून वाचा. बारावा-तेरावा दिवस असेल. दुपारी साय झोपली होती, मी फोनवर बोलत होते. धाकटी हळूच गेली आणि झोपलेल्या सायच्या गळ्यात पडली. साय दचकून उठली, गुरगुरली आणि तिने हवेत जबडा मिटला. दात लागला नाही, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. धाकटी रडत आली. माझ्या तोंडून पहिला शब्द सायला रागावण्याचाच निघणार होता. मग लक्षात आलं की चूक सायची नव्हती, लेकीचीही नव्हती. ती माझी होती. लहान मूल आणि नवं कुत्रं एका खोलीत असताना मोठ्या माणसाचं लक्ष फोनमध्ये असून चालत नाही. मुलाला बाहेर जायचं नसेल तर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत न्यावं, पण दोघांना एकटं सोडू नये. निदान पहिले काही महिने तरी नाहीच.

आणि गुरगुरण्यावरून कुत्र्याला कधीही रागावू नका. ते त्याचं ‘नको’ असतं. मारून-ओरडून ते बंद केलंत तर कुत्रं ‘नको’ म्हणायचं सोडतं आणि एक दिवस काही न सांगता चावतं. खरं तर गुरगुरण्याच्या आधीही ते बरंच काही सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई देतं, ओठांवरून सारखी जीभ फिरवतं, मान वळवतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसू लागतं, अंग ताठ होतं. त्या संध्याकाळी मी दोन्ही मुलांना हे कागदावर काढून दाखवलं. महिन्याभरात धाकटी आम्हा सगळ्यांपेक्षा तरबेज झाली. ‘आई, सायला आजोबांचं थोपटणं नकोय, ती जीभ फिरवतेय,’ असं ती आजोबांदेखत सांगायची. समोरच्याचं ‘नको’ ओळखायचं आणि ओळखलं की थांबायचं, हे मुलांना मी वेगळं शिकवत बसले असते तर इतकं कधीच शिकवता आलं नसतं.

दात लागलाच तर? लागू शकतो. मूल हे लपवतं, हे आधी ध्यानात घ्या. बोलणी बसतील म्हणून नव्हे, तर कुत्र्याला परत पाठवतील म्हणून. तेव्हा पहिल्याच दिवशी मुलांना जवळ बसवून सांगा की साधा ओरखडा उठला तरी आम्हाला येऊन सांगायचं, तुला रागावणार नाही आणि तिला घालवणार नाही. जखम लगेच वाहत्या नळाखाली साबण लावून घड्याळ बघून १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट असलं काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, आणि सांगितलेल्या तारखांना सगळे डोस पुरे करायचे असतात, एखादा राहिला तर चालेल असं नसतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून आपली नको, हे घरी बसून ठरवू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

दवाखान्याबद्दल थोडं. उपेक्षित कुत्र्याला घरी आणल्या आणल्या अंघोळ घालू नका, त्याच्यासाठी तो आणखी एक धसका असतो. पण प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पहिल्या दोन-चार दिवसांत न्या. जंताचं औषध, रेबीज आणि इतर आजारांच्या लसी, कातडीची तपासणी आणि रक्ततपासणी. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे फार; सायच्या रक्तात तो निघाला आणि २८ दिवस गोळ्या चालल्या. नखं एकदम कापता येत नाहीत, कारण नखासोबत आतली रक्तवाहिनीही लांबलेली असते. दर पंधरवड्याला थोडी थोडी कापावी लागतात. मादी असेल तर नसबंदी करून घ्या, कारण वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. या सगळ्याला पैसे लागतात, आणि ते आधीच बाजूला काढलेले बरे.

खाण्याचं म्हणाल तर उपाशी जीव आला म्हणून त्याच्यापुढे ताट भरून ठेवू नका, पोट बिघडतं. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. आपली पिढीजात दूधपोळी बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना सोसत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांतलं काहीच नको. आजी मायेने शिऱ्यातला बेदाणा देते, तिला आधीच सांगून ठेवा. शिजवलेली हाडं तर नकोच, त्यांचे तुकडे आतड्यात रुततात. आणि कुत्रं खात असताना भांड्यापाशी मुलांनी जायचं नाही.

दुसरी गोष्ट दाराची. नवं कुत्रं पहिल्या काही आठवड्यांत पळतं. फटाका, कुकरची शिट्टी, दाराची घंटा, काहीही निमित्त पुरतं. बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि छातीला हार्नेस, दोन्हीला दोऱ्या; पट्ट्यावर आपला फोन नंबर. दार उघडताना मुलांना आधी ‘साय कुठे आहे?’ हे विचारायची सवय लावा. दिवाळीच्या तोंडावर तर आणूच नका. आणि पहिला महिनाभर नातेवाईक-मित्रमंडळींना ‘बघायला या’ म्हणून बोलावू नका. सायची पहिली पाहुणी माझी बहीण होती, तिलाही मी सहा आठवडे थांबवलं. ती थोडी रुसली. नंतर सायनेच तिची समजूत काढली.

स्पष्ट बोलायचं तर काही घरांनी हे करू नये, निदान आत्ता. रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं बाळ घरात असेल, आजी-आजोबांपैकी कुणाला कुत्र्याची मनापासून भीती वाटत असेल, दिवसाचे दहा तास घराला कुलूप असेल, तर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. आणि आणल्यावर नाहीच जमलं, तर ज्यांच्याकडून आणलं त्यांच्याकडे सांगून-सवरून परत द्या. कुणाच्या फार्महाऊसवर, हायवेवर किंवा देवळापाशी सोडून येऊ नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळीव प्राण्याला असं टाकणं हाही गुन्हा आहे आणि आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही.

साय आता दहा वर्षांची आहे. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत, जिने चढवत नाहीत. रिंगण घेणं कधी बंद झालं ते आमच्यापैकी कुणालाच नेमकं सांगता येत नाही. झाडूला ती आता घाबरत नाही, पण जड भांडं पडल्याचा आवाज झाला की अजून पलंगाखाली जाते. त्याचं आता आम्ही काही करत नाही. ती आपली आपण बाहेर येते.

तुम्ही येत्या रविवारी एखाद्या निवाऱ्यात जायचं ठरवलं असेल, तर माझं एक ऐका. पहिल्या खेपेला मुलांना नेऊ नका. मुलांना पहिलं शेपूट हलवणारं कुत्रं आवडतं, आणि मग त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून तुम्ही नको तो निर्णय घेता. आधी तुम्ही दोघंच जा. तिथे सांभाळणाऱ्या माणसाला विचारा की हे कुत्रं कशाला घाबरतं, भांड्याजवळ कुणी आलं तर काय करतं, लहान मुलांच्या आसपास कधी राहिलं आहे का. तासभर त्याच्या शेजारी, त्याच्याकडे कूस करून, काही न बोलता बसा. घरी येऊन आजी-आजोबांशी बोला. मग मुलांना न्या.