घाटाखाली द्राक्षाची वेल

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की पुढे नाशिक, दिंडोरी, निफाडच्या बागा. मुरबाडहून माळशेज चढलात तरी ओतूर-नारायणगावला तेच दृश्य. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुके द्राक्षाच्या मुलखाच्या पायथ्याशी, तरी इथे द्राक्षाची शेती काही रुजली नाही. अडचण पावसाची आहे. वर नाशिकच्या बागांत वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पडतो, आपल्याकडे अडीच हजारांच्या आसपास, तोही चार महिन्यांत. एवढ्या ओलीत हजारो वेली सांभाळायच्या म्हणजे फवारणीतच घर बुडायचं. अंगणातल्या मांडवावर एक-दोन वेली चढवायच्या असतील तर मात्र जमतं. पावसाळ्यात वेल नुसती जगवायची आणि फळाची सगळी कामं उरलेल्या आठ महिन्यांत बसवायची, एवढं पथ्य सांभाळावं लागतं.

सुरुवात जातीपासून. बाजारात आवडतं म्हणून थॉमसन किंवा सोनाका लावू नका, त्या घाटावरच्या कोरड्या हवेतही औषधांशिवाय निभत नाहीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-516 ही जात आपल्याला सोयीची. अमेरिकन ‘कटॉबा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून ती आली आहे आणि बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. दुसरी बंगलोर ब्लू. काळपट, जाड सालीची, बियांची आणि उग्र वासाची. करप्याला ती चांगली तोंड देते, केवडा मात्र तिलाही धरतो. दोन्ही जाती मुळात रसाच्या, त्यामुळे ताटात ठेवायला दिसायला सुरेख द्राक्ष हवं असेल तर ते महामार्गावरच्या टपरीवरूनच आणावं.

शक्यतो डॉगरिज खुंटावर बांधलेलं कलम घ्या, ते उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी तग धरतं. कलम मिळालं नाही तर घाटावर ऑक्टोबरात छाटणी चालू असताना कुणा ओळखीच्या बागायतदाराकडून चांगल्या जातीच्या काड्या आणा. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा डोळ्याच्या इंचभर वर तिरका, म्हणजे उलटसुलट लागत नाही. माती, वाळू आणि शेणखत भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. वर पालवी फुटली म्हणून लगेच हलवू नका. पालवी काडीतल्या साठ्यावरही फुटते, मुळं त्यानंतर येतात. पिशवीच्या तळाशी मुळं दिसेपर्यंत सावलीत ठेवायची.

जागा निवडताना दिवसाला सहा-सात तास ऊन हवं, म्हणजे आंब्या-फणसाखाली नको. कौलांच्या पागोळ्या पडतात त्या ओळीतही नको. भातखाचराच्या कडेला तर अजिबात नको, कारण पावसात मुळं आठ दिवस पाण्यात राहिली तर वेल संपली. घराच्या चढाकडची, मुरमाड जागा बघा. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि तळाला विटांचे तुकडे टाका. वर माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट. भरल्यावर जमिनीपेक्षा फूटभर उंच वरंबा राहिला पाहिजे. कलम दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पाऊस सरला की लावायचं, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत सात महिने मिळतात. पिशवीतल्या काड्यांची रोपं माघात लावली तरी चालतात.

मांडव आपल्याला नवा नाही. काकडी, दोडका, घोसाळी आपण दर पावसाळ्यात चढवतो. पण तो बांबूचा मांडव एका हंगामाचा. द्राक्षाची वेल वीस वर्षं तिथेच राहणार, तेव्हा जीआय पाइपचे खांब आणि वर जाड तार असं एकदाच करून टाका. बांबूला वाळवी लागली आणि भर श्रावणात मांडव खाली आला तर खोडच मोडतं. उंची सात फूट, एका वेलीला आठ बाय आठ फूट मोकळं छत. खालून हवा खेळली पाहिजे, बाजूंना पत्रे-जाळ्या नकोत.

रोपाची एकच जोमदार फूट ठेवा, काठीला सैल बांधत सरळ वर न्या आणि बगलफुटी खुडत राहा. तारेला पोचली की चार बोटं खाली शेंडा मारा. तिथे ज्या दोन फुटी निघतील त्या दोन दिशांना तारेवर बांधल्या की ते झाले ओलांडे. ओलांड्यावर वीतभर अंतराने ज्या काड्या येतील त्यांच्यावर पुढे घड लागतात. या कामाला पहिलं वर्ष जातं. त्या वर्षात घड दिसला तरी काढून टाका.

आता छाटणी, आणि इथे घाईही नको, उशीर तर मुळीच नको. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, म्हणून तिथे एक छाटणी पुरते. आपल्याकडे तिला झोप लागत नाही, ती वर्षभर वाढत राहते. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्यांची पद्धत बसली: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची छाटणी फळ घ्यायला. पुष्कळांना वाटतं की ऑक्टोबरात चांगली छाटली की घड येतात. तसं नाही. घड येणार की नाही हे एप्रिल छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत, नव्या काडीच्या डोळ्यात ठरून जातं, आणि त्यासाठी डोळ्यावर ऊन पडावं लागतं. घाटावर जूनमध्येही बऱ्यापैकी ऊन असतं. आपल्याकडे मृग लागला की आभाळ भरतं ते भरतंच. हिशेब मांडून बघा: 1 एप्रिलला छाटलं तर चाळिसावा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि बराचसा काळ उन्हात निघतो. तेच 25 एप्रिलला छाटलं तर सगळा काळ ढगाखाली जातो आणि ऑक्टोबरात नुसती वांझ फूट मिळते. म्हणून आपल्याकडे खरड छाटणी मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकायची. प्रत्येक काडी एक डोळा ठेवून कापायची. नवी फूट दाट झाली की विरळ करायची आणि सात-आठ पानांवर शेंडा मारायचा.

या दिवसांत वेलीला पाणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते नसतं. भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापुरातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. तेव्हा खोडाभोवती भाताच्या पेंढ्याचा चांगला वीतभर थर द्या आणि दिवसाआड एक बादली, संध्याकाळी. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको.

पावसात खत बंद. चुलीची राख मात्र ओंजळभर टाका, काडी पक्व व्हायला तिच्यातलं पालाश उपयोगी पडतं. जमिनीलगतची पानं काढून टाका. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव दिसली तर तो केवडा. त्यावर बोर्डो मिश्रण. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दो भागात याच रोगासाठी ते वापरात आलं आणि अजून त्याला तोड नाही. घरी करायला सोपं आहे. प्लास्टिकच्या एका बादलीत 100 ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवा, दुसरीत 100 ग्रॅम कळीचा चुना भिजवून पाच लिटर करा आणि गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळा. लोखंडी खिळा त्यात मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर चढला तर आम्लता राहिली आहे, आणखी चुना घाला, नाहीतर पानं जळतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. उघडीप मिळेल तशी पंधरा दिवसांनी फवारणी करा, कोवळ्या फुटीवर निम्म्या ताकदीची. तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेतच.

ऑक्टोबरची छाटणी आपल्याकडे महिन्याच्या सुरुवातीला करू नये. परतीचा पाऊस कोवळी फूट सापडली की केवड्याला आवतण देतो. गडगडाट थांबून सकाळी दव पडू लागलं की, म्हणजे साधारण 20 तारखेनंतर, कात्री घ्या. दहा दिवस आधी पानं हाताने उतरवा, पाणी तोडा. मग प्रत्येक काडीवर पाच-सहा डोळे ठेवून छाटा. डोळे लवकर फुटावेत म्हणून बागायतदार त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, पण ते विषारी रसायन आहे, घरात आणू नका. काही डोळे झोपून राहतील, राहू द्या. फुगणारे डोळे रात्री उडद्या खातात. सकाळी मांडवाखाली जुनी चादर धरून काड्या झटकल्या की पडतात.

फूट निघाली की काडीला एकच घड ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पानांवर राखेसारखी भुरी येते. तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण दुपारच्या उन्हात नाही. मणी रंग धरू लागले की घडांना कागदी पिशव्या बांधा, बुलबुल आणि वटवाघळांपासून तेवढ्याने निभावतं. रानालगतच्या वाड्यांत माकडं येत असतील तर कुठलीच पिशवी उपयोगाची नाही, राखण करावी लागते.

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत घड तयार होतात. रंग आला म्हणून तोडू नका, घडाच्या टोकाचा मणी चाखून बघा, कारण तो सगळ्यात शेवटी गोड होतो. तोडल्यावर द्राक्ष आणखी पिकत नाही. सगळे घड उतरले की वेलीला दोन-तीन आठवडे विसावा, घमेलंभर शेणखत, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कात्री.