मोरचूद : ओळखीचे विष

निळ्या, चकचकीत खड्यांच्या रूपात मिळणारे मोरचूद म्हणजे तांबे, गंधक आणि ऑक्सिजन यांचे संयुग, अर्थात कॉपर सल्फेट होय. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख ‘तुत्थ’ या नावाने येतो.

फ्रान्सच्या बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत असत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले आणि १८८५ मध्ये या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. आज तेच बोर्डो मिश्रण नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकणातील सुपारीच्या बागांत फवारले जाते. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना हे त्याचे रूढ प्रमाण असून, तयार मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजतात. फवारणाऱ्याने नाक-तोंड, डोळे व हात झाकणे अत्यावश्यक आहे, कारण हे तुषार वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने पोर्तुगालमधील द्राक्षबागांतील कामगारांना फुप्फुसांचा विकार जडल्याची नोंद वैद्यकात आहे.

खरा धोका मात्र घरात असतो. उरलेले खडे कागदाच्या पुडीत फडताळावर राहतात आणि त्यांचा रंग मुलांना भुलवतो. पोटात गेलेले मोरचूद जठराचे अस्तर जाळते, निळसर-हिरव्या उलट्या होतात, आणि रक्तात शोषलेले तांबे तांबड्या पेशी फोडून यकृत व मूत्रपिंडे निकामी करू शकते. काळपट लघवी, कावीळ, ओठांवरील निळसर झाक ही लक्षणे काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही दिसतात, म्हणून उलट्या थांबल्या की रुग्ण बरा झाला, हा समज घातक ठरतो. एके काळी वैद्यकात उलटी करवण्यासाठी हेच द्रव्य देत असत, परंतु जे बाहेर पडत नसे ते अंगात भिनत असल्याने तो उपाय सोडून द्यावा लागला. खरजेवर किंवा जखमेवर ते लावण्याचा घरगुती प्रघातही तितकाच त्याज्य मानावा.

मोरचूद गिळले गेल्यास मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नये; रुग्णाला पुडीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे. डोळ्यांत कण गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत आणि नंतर नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.