तांदळाच्या विक्रीसाठीं आपोआप जाणारे निरोप

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत धान घरांतून बाहेर पडण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक आधारभूत खरेदी केंद्राची, दुसरी व्यापाऱ्याची व तिसरी राईस मिलची. सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलास २३६९ रुपये व ‘अ’ दर्जाच्या धानाचा २३८९ रुपये असा ठरला. दोहोंत अंतर अवघें २० रुपयांचें. ज्यानें चिन्नोरसारखें सुवासिक, उशिरा येणारें व उतारा कमी देणारें धान बांधींत लाविलें, त्याचे श्रम ह्या २० रुपयांत भरून निघत नाहींत, हें वाचकांस आम्ही सांगावें असें नाहीं. म्हणून कित्येक शेतकरी कांहीं कट्टे भरडून घेऊन तांदूळ थेट नागपूर, रायपूर येथील कुटुंबांस विकूं लागले आहेत. ही चौथी वाट होय. तींत मोबाइलवरून आपोआप जाणाऱ्या मेसेजचा, म्हणजे निरोपांचा, उपयोग कसा करावा व कोठें थांबावें, हें ह्या पाठांत सांगण्याचें योजिलें आहे.

नांवाचें मोल

चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड ह्या गांवीं दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्यानें निवड करून एक बारीक धान तयार केलें. त्या काळीं लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्यास एच.एम.टी. हें नांव पडलें. सन २००५ मध्यें राष्ट्रपति डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. सन २०१८ मध्यें ते वारले. तांदूळ घरोघरीं पोंचला, परंतु दादाजींचे दिवस अखेरपर्यंत ओढगस्तींतच गेले. आपल्या सीमेपलीकडील बालाघाटच्या चिन्नोरास सन २०२१ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. तथापि मालास नांव मिळणें ही एक गोष्ट, आणि त्या नांवाचा पैसा पिकविणाऱ्याच्या हातीं येणें ही दुसरी. खाणाऱ्यास पिकविणारा ठाऊक असेल तरच ही दुसरी गोष्ट घडते. आपोआप जाणाऱ्या निरोपाचें काम ही ओळख टिकविण्याचें आहे. नवी ओळख तो निर्माण करूं शकत नाहीं.

पहिलें काम: यादी

आम्हीं हयात महसूल कचेरींतील दप्तरांत घालविली. तेथें एक गोष्ट पक्की शिकलों. फेरफाराची नोंद वहींत लिहिली म्हणजे काम झालें असें नव्हे. संबंधितांस नोटीस पोंचली पाहिजे, हरकतीस मुदत दिली पाहिजे, त्यानंतरच ती मंजूर होते. गिऱ्हाइकांच्या यादीचेंही तसेंच आहे. एखाद्याचा क्रमांक आपणांस मिळाला एवढ्यानें तो आपल्या यादींत येत नाहीं. ‘तांदूळ आला कीं कळवा’ असें त्यानें स्वतः म्हटलें पाहिजे.

ह्यासाठीं एक साधी वही करावी. तींत सहा रकाने असावेत: नांव, मोबाइल क्रमांक, गांव, संमति दिल्याची तारीख, कोणता तांदूळ पाहिजे, व महिन्यास किती लागतो. सातवा रकाना ‘नको म्हटल्याची तारीख’ ह्यासाठीं रिकामा ठेवावा. हा सातवा रकानाच सर्वांत महत्त्वाचा होय. सन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमांत, माहिती ज्या कामासाठीं घेतली त्याच कामास वापरावी व संमति देणें जितकें सोपें तितकेंच ती परत घेणेंही सोपें असावें, असें तत्त्व आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. तरतुदी टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाच्या आहेत. साधे एस.एम.एस. घाऊक पाठविण्यासही दूरसंचार नियामकाच्या सन २०१८ च्या विनियमांप्रमाणें आधीं नोंदणी लागते, आणि ज्यास असे संदेश नकोत त्यास १९०९ ह्या क्रमांकावर तसें नोंदवितां येतें.

दुसरें काम: मांडणी

विक्रीसाठीं निराळें सिम घ्यावें. घरचा क्रमांक वापरूं नये. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हें ॲप घालावें. तें जानेवारी २०१८ मध्यें निघालें व लहान विक्रेत्यास फुकट मिळतें. त्यांत खालील सोयी आहेत.

(१) कॅटलॉग. येथें तांदळाचें छायाचित्र, वाण, पिशवीचें वजन व भाव लिहावा. धान कोणत्या हंगामाचें व भरडाई कोणत्या तारखेची हें अवश्य लिहावें. नवा तांदूळ शिजतांना चिकट होतो, जुना मोकळा होतो. न सांगतां नवा पाठविला तर गिऱ्हाईक आपणांस लबाड समजतें.

(२) ग्रीटिंग मेसेज. कोणी प्रथमच लिहिलें, किंवा १४ दिवस संभाषण नसतांना पुन्हां लिहिलें, तर हें उत्तर आपोआप जातें. त्याचा मासला असा: ‘रामराम. आम्ही सालेकसा तालुक्यांतील शेतकरी. आपला निरोप पोंचला. तांदूळ शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहून सायंकाळीं सातपर्यंत आम्ही स्वतः कळवूं.’

(३) अवे मेसेज. रोवणी-कापणीचे दिवसांत दिवसभर बांधींतून उत्तर देणें होत नाहीं. ती वेळ नेमून ठेविली म्हणजे त्या वेळांत हें उत्तर जातें. उत्तर केव्हां मिळेल तेवढेंच त्यांत लिहावें.

(४) क्विक रिप्लाय. वारंवार विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें एकदांच लिहून ठेवावीं: तांदूळ कसा साठवावा, पोंचविण्याचा खर्च किती, पैसे कसे द्यावेत. एका खुणेनें तें उत्तर समोर येतें. पाठविणें मात्र आपल्याच हातीं राहतें.

(५) ब्रॉडकास्ट लिस्ट. एका यादींत २५६ क्रमांक मावतात व निरोप प्रत्येकास निराळा जातो. परंतु ज्यानें आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्यें जतन केला आहे त्यासच तो पोंचतो. ही अडचण नसून सोय आहे असें आम्ही मानतों. ज्यास आपली ओळख नको त्याच्या दारीं आपण जातच नाहीं.

निरोप केव्हां पाठवावा ह्याचा हिशेब आपल्या कोठींतून नव्हे, त्यांच्या डब्यांतून करावा. ज्या घरीं महिन्यास १० किलो लागतो त्यानें ३० किलोची पिशवी नेली, तर त्यास अडीच महिन्यांनीं एकदां विचारावें. दर आठवड्यास सुप्रभाताचीं फुलें पाठविणारा विक्रेता लवकरच न वाचलेल्या निरोपांत जमा होतो.

गिऱ्हाइकें हजारांवर गेलीं तरच पुढची पायरी, म्हणजे व्हॉट्सॲपची मोठ्या व्यवसायांची व्यवस्था, पाहावी. तेथें निरोपाचा मजकूर आगाऊ मंजूर करून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकानें लिहिल्यापासून २४ तासांपर्यंत मोकळें उत्तर देतां येतें. त्यानंतर फक्त मंजूर मजकूर जातो. १ जुलै २०२५ पासून मंजूर मजकुराच्या निरोपांवर दर निरोपामागें आकार घेण्याची पद्धति सुरू झाली. इन्स्टाग्रामवरही कोणी आपल्या चित्राखालीं लिहिलें तर त्यास एक खासगी निरोप आपोआप धाडतां येतो. तो उत्तर देईल तरच बोलणें पुढें चालतें. सर्वत्र नियमाचें मूळ एकच: आधीं समोरच्यानें बोलावें.

आमच्या दोन चुका

हा पाठ आम्ही शहाणपणानें शिकलों नाहीं. आमचे गांवच्या सात शेतकऱ्यांनीं मिळून तांदूळ विकावयाचें ठरविलें व दप्तराचें काम आमचेकडे दिलें. पहिल्याच हंगामांत ओळखीच्या एका दुकानदाराकडून चारशेंवर क्रमांकांची आयती यादी आम्हीं मिळविली व सर्वांस एकच मजकूर धाडला. जन्मभर नोटिशीवांचून फेरफार न करणारे आम्ही, येथें मात्र कोणासही न विचारतां त्याच्या दारांत जाऊन उभे राहिलों. अनेकांनीं तक्रार केली व आमचा क्रमांक कांहीं दिवस बंद पडला. ज्या तीस-चाळीस जुन्या घरांनीं खरोखर तांदूळ मागितला होता, त्यांचे निरोपही त्यांतच अडकले.

दुसरी चूक अधिक बोंचते. आपोआप उत्तरांत आम्हीं ‘चिन्नोर उपलब्ध आहे, पैसे पाठवावेत’ असें लिहून ठेविलें होतें. माल संपला, उत्तर बदलण्याचें राहून गेलें. नागपूरच्या एका गृहस्थांनीं घरच्या लग्नकार्यासाठीं रात्रीं ५० किलोचे पैसे पाठविले. सकाळीं आमची बैठक बसली. आमच्यांतील एक जण म्हणाले, ‘भाऊ, मिलमधून तसाच दिसणारा तांदूळ घालून देऊं, कोणास कळणार?’ पैशाची निकड सर्वांसच होती, म्हणून क्षणभर कोणी बोललें नाहीं. अखेर पैसे परत केले व खरें कारण कळविलें. ते गृहस्थ पुन्हां आमच्याकडे आले नाहींत, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं. तांदूळ शिल्लक आहे कीं नाहीं हें यंत्रास ठाऊक नसतें. आम्हांस ठाऊक होतें. त्या दिवसापासून शिल्लक, भाव व पोंचविण्याची तारीख ह्या तीन गोष्टी आमच्या आपोआप उत्तरांत नसतात. त्या माणूसच लिहितो, आणि लिहिण्यापूर्वीं कोठी पाहतो.

हिशेब व शेवटची सूचना

हंगाम संपल्यावर चार आंकडे मांडावेत: निरोप किती गेले, उत्तरें किती आलीं, विक्री किती किलो झाली व ‘नको’ किती जणांनीं म्हटलें. क्विंटलभर धानाचा शासकीय भरडाईंत ६७ किलो तांदूळ धरतात. त्यांतून भरडाई, पिशवी, वाहतूक व तुटीचा खर्च वजा करून जें उरेल तें केंद्राच्या भावाशीं ताडून पाहावें. उरत नसेल तर चौथी वाट सोडण्यांत कमीपणा नाहीं. पिशवीवर नांव घालून विकण्यापूर्वीं वजन-मापाचे व अन्न परवान्याचे नियम तालुक्याच्या ठिकाणीं विचारून घ्यावेत. आरंभींच सगळा माल ह्या वाटेवर लावूं नये. दहा कट्ट्यांपासून आरंभ करावा.

दिवाळीनंतर आपल्या गांवोगांवीं मंडई भरते. तेथें विक्रेता हांक मारतो ती मंडईस आलेल्या माणसास. घरांत निजलेल्यास कोणी ओढून आणीत नाहीं. मोबाइलवरील निरोपासही हीच रीत लावावी. यंत्र आपल्या वतीनें हांक मारील. पण दिलेल्या शब्दाचा जाब विचारण्यास गिऱ्हाईक आपल्याच दारीं येईल, हें बंधूंनीं विसरूं नये.