पिस्तूल स्वस्त, गोळी महाग

आपल्याकडे शिपायाला हत्यार सरकार देते. अमेरिकेतही बहुतेक पोलीस खाती देतात. पण कित्येक उमेदवार हात बसावा म्हणून भरतीआधीच पदरच्या पैशाने पिस्तूल घेतात. आम्ही कापडवाले तिथे आधी रोजचा खर्च विचारू. 2016 साली एफबीआयने 9 मिलिमीटरच्या पिस्तुलांचा करार केला. अनेक खातीही तिकडे वळली आणि त्यांची वापरलेली पॉइंट चाळीसची पिस्तुले बाजारात स्वस्तात आली. गिऱ्हाईक इथेच फसते! त्यांची गोळी महाग, धक्काही जास्त. सराव तर शेकडो गोळ्यांचा. गोळी परवडेना म्हणून सराव तुटला, तर प्रशिक्षणातल्या नेमबाजीत नापास होऊन नोकरी जाऊ शकते. तेव्हा वापरलेलेच घ्यावे, पण 9 मिलिमीटरचे, नळी व स्प्रिंग जाणकाराला दाखवून.