राउटरची सेटिंग जपून ठेवायला किती खर्च येतो?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेव्हण्याच्या दवाखान्यातलं नेट सारखं अडकत होतं. नेटवाल्यांचा मुलगा आला, खिशातून पिन काढली, राउटरमागच्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरली. नेटच्या लॉगिनचं, म्हणजे पीपीपीओईचं, नाव आणि पासवर्ड पुन्हा भरला, नेट सुरू झालेलं दाखवलं आणि गेला. संध्याकाळी कळलं की मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत, केसपेपर छापणारा प्रिंटर कॉम्प्युटरला सापडत नाही आणि वायफायचं नावच बदललंय. रिसेटमुळे राउटर कारखान्यातून निघाला तसा कोरा झाला होता. सगळं पूर्ववत करायला नेटवर्किंगच्या माणसाला दोनदा यावं लागलं. एका फेरीचे ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,६५२ रुपये. दोन दिवस डॉक्टर आणि कंपाउंडर दोघंही हाताने केसपेपर लिहीत होते.

सेटिंगच्या ज्या बॅकअप फाइलीमुळे हे काम काही मिनिटांत झालं असतं, ती काही केबींची असते आणि काढायला एक पैसाही लागत नाही.

घरच्या राउटरचं आधी बघू. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका, नेमका पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर ‘सिस्टिम’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ या भागात ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ सापडेल. बटण दाबलं की फाइल उतरते. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तिचं नाव ‘कॉन्फिग’ एवढंच असतं. पुढच्या वर्षी डाउनलोडच्या ढिगात ते नाव काहीच सांगणार नाही, म्हणून तिथल्या तिथे मॉडेल, व्हर्जन आणि तारीख घालून नाव बदला. व्हर्जन म्हणजे स्टिकरवर मॉडेलच्या शेजारी बारीक अक्षरात असणारं ‘व्ही २’, ‘व्ही ३’. ते महत्त्वाचं अशासाठी की एका मॉडेलची फाइल दुसऱ्यावर सहसा चालत नाही, आणि नाव तेच पण व्हर्जन वेगळं असेल तरीही राउटर ती बऱ्याचदा नाकारतो. स्टिकरचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

म्हणजे जुना राउटर जळून नवा दुसऱ्या मॉडेलचा आणला, तर फाइल उपयोगी पडेलच असं नाही. त्यासाठी एक वहीचं पान हवंच: पीपीपीओईचं नाव-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक असल्यास तो, स्टॅटिक आयपी घेतला असल्यास त्याचे आकडे, कॅमेऱ्यांसाठी उघडलेले पोर्ट, प्रिंटरला बांधून दिलेला पत्ता. आणि वायफायचं नाव व पासवर्ड अक्षरन् अक्षर. नव्या राउटरवर तेच नाव, तोच पासवर्ड आणि तीच सिक्युरिटी ठेवली की घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे आपोआप जोडले जातात. भिंतीवरचा कॅमेरा स्टुलावर चढून पुन्हा जोडण्याचा वैताग ज्यांनी सोसलाय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

फायबरचं कनेक्शन देताना कंपनी जी पेटी बसवते, तिच्या ग्राहकाच्या लॉगिनमध्ये बॅकअपचा पर्याय अनेकदा दिसतच नाही. तिथे अडून बसू नका, पान लिहा. आणि पीपीपीओईचा पासवर्ड कनेक्शन घेतानाच मागून घ्या, नंतर तो मिळवायला फोनवर फोन करावे लागतात.

आता पैसे कुठे लागतात ते. ३००-४०० रुपयांचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइलीत वायफाय आणि नेटचे पासवर्ड असतात, त्यामुळे ती कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. उघडल्यावर गिचमिड दिसते म्हणून ती सुरक्षित आहे असं नाही. अनेक मॉडेलच्या फाइलींतून पासवर्ड काढून देणारी साधनं फुकट मिळतात. सेव्हन-झिप फुकट आहे, त्यात पासवर्ड लावून फाइल बांधा. रिस्टोअर किंवा फर्मवेअर बदलणं सुरू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बसू शकतो, म्हणून जिथे लाइट येते-जाते तिथे हजार-दीड हजाराचा राउटरचा छोटा यूपीएस मी आधी घ्यायला सांगेन.

दुकान, क्लास, पतपेढी, छोटं ऑफिस इथे हिशेब बदलतो. मायक्रोटिकचा राउटर असेल तर दोन प्रकारचे बॅकअप निघतात आणि दोन्ही लागतात. ‘बॅकअप’ची फाइल त्याच डब्यावर परत घालण्यासाठी आहे, दुसऱ्या डब्यात घातली तर जुने मॅक पत्तेही सोबत येतात आणि घोळ होतो. ‘एक्स्पोर्ट’ची फाइल साधा मजकूर असते, वाचता येते, नव्या डब्यावर टप्प्याटप्प्याने घालता येते. पण राउटरमध्ये शिरायची युजर खाती तिच्यात येत नाहीत, आणि राउटरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ७ पासून मुद्दाम सांगितल्याशिवाय इतर पासवर्डही येत नाहीत.

सिस्कोचा राउटर असेल तर माणसाने केलेला बदल आधी ‘रनिंग’ कॉन्फिगमध्ये बसतो. तो ‘स्टार्टअप’मध्ये सेव्ह केला नाही तर वीज गेल्यावर बदलही गेला. जुनी फाइल ‘रनिंग’वर कॉपी केली की ती आधीच्या सेटिंगमध्ये मिसळते, तिची जागा घेत नाही, नको असलेल्या ओळी तशाच राहतात. शिवाय कोऱ्या राउटरवर मजकूर चिकटवल्यावर पोर्ट बंदच राहतात, कारण पोर्ट चालू करणारी ‘नो शटडाउन’ ही ओळ सेव्ह केलेल्या फाइलीत नसते. फाइल बरोबर, केबल बरोबर, तरी दिवा लागत नाही, आणि माणूस तासभर केबलच बदलत बसतो.

रोज आपोआप बॅकअप घेणारी ऑक्सिडाइज्ड आणि रॅन्सिड ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत. लायसन्सला शून्य, पण बसवणाऱ्या जाणकाराचा वेळ आणि चालू ठेवायला एक कॉम्प्युटर लागतो. दोन-तीन राउटरसाठी एवढा खटाटोप करू नये असं माझं मत आहे. प्रत्येक बदलानंतर हाताने फाइल काढणं पुरतं.

माझ्या मते पैसे खर्च करावेत ते रिस्टोअर करून बघण्यावर. कधीही परत न घातलेल्या फाइलीवर ऑफिस सोडणं धोक्याचं आहे. वार्षिक देखभालीचा करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: बदल झाला की त्याच दिवशी फाइल तुमच्या ताब्यात मिळेल, वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, ती सुटा म्हणून ठेवलेल्या त्याच मॉडेलच्या राउटरवर घालून दाखवली जाईल, आणि ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात तुमच्या कपाटात राहील. सुटा राउटर ठेवणं परवडत नसेल तर निदान चालू राउटरवरच, बंद वेळेत, माणूस समोर असताना रिस्टोअर करून घ्या. त्या एका फेरीचे पैसे तो वेगळे मागेल, ते द्या. ‘फाइल आमच्याकडे असते, काळजी करू नका’ असं म्हणणाऱ्याशी मात्र करार करू नका. तो माणूस उद्या फोन उचलेनासा झाला तर तुमच्या राउटरची फाइल मागायची कुणाकडे?

दवाखान्यातली फाइल आता मेव्हण्याच्या पेनड्राइव्हवर आहे आणि राउटरच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीखाली चिठ्ठी आहे: ‘पिन लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.’